बापूंच्या पायापुरती जागा

१ डिसेंबर १९९१, रविवार
बापूंना नावेत बसवायचं तर दोरीच आड येते. शिडाच्या आडव्या दांड्याच्या मध्यावरून उतरते ती थेट बसायच्या खळग्यात. दोन माणसं अंग चोरून बसतात. बापूंचा उजवा पाय, ते पडल्यापासून, गुडघ्यात वाकत नाही; तो पसरायचा कुठे? दोरी नावेच्या मागच्या टोकाला नेली तर?
काल दिवसभर कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंग्ज काढताना बापू नावेत बसलेले दिसत होते. समोर समुद्र.

४ डिसेंबर
लहानपणी सारंगखेड्याला बापू मला खांद्यावर घेऊन नदी दाखवायचे — हे पाणी सुरतेला जातं, मग समुद्राला. सुरतेला मी आलो. आई गेल्यावर त्यांनाही आणलं. समुद्र तेवढा राहिला. रोज गॅलरीत विचारतात, "तापी कोनीकडे से?"
बेत ऐकून पार्वती म्हणाली, "पण मामंजींना विचारलंत का?"
आधी सांगितलं तर गंमत जाईल, म्हटलं.

८ डिसेंबर
कारखान्यातला हिलाल फिटर मगदल्ल्याला, नाव बांधलेली असते तिथे, आला होता. मागच्या काठावर आडवी दोरी ताणली, तिच्यावर कप्पी, शिडाची दोरी आता तिथून. मधली कप्पी काढली. "साहेब, नाव करताय का ओटा?" पण पाय कापलेली वेताची खुर्ची नेमकी बसली.
एक कप्पी कमी झाल्याने दोरी ओढायला जड झाली. दांडा टोकाशी वाकतो. मी हे बापूंसाठी करतोय, की कॉलेजात एन.सी.सी.त शिकलेलं शिडाचं कसब त्यांना दाखवायला? ठरवता येत नाही.

११ डिसेंबर
एकट्याने फिरवून पाहिली. दांडा टिकला. रिकाम्या खुर्चीशी बोलत होतो.

१५ डिसेंबर, रविवार
ओहोटीबरोबर निघालो. बापूंचा पाय सरळ, ऐसपैस — कशालाच लागला नाही! नदी रुंद होत गेली, पुढे नुसता उजेड.
"बापू, समुद्र."
त्यांनी पाहिला. मग म्हणाले, "खुर्ची फिराव."
फिरवली. आता त्यांचं तोंड मागे सुकाणूशी बसलेल्या माझ्याकडे. मी मागे नेलेली दोरी बरोबर त्यांच्या नाकासमोर. ती एका हाताने बाजूला धरून ते माझ्या खांद्यावरून पूर्वेकडे पाहत राहिले.
"माले समुद्र नई देखना व्हता."
"मग रोज तापी कुठे विचारता ते?"
"ती कोनीकडथून येस, ते."
भरती लागली तशी नाव परत वळवली.

१६ डिसेंबर
आज विचारलं, सारंगखेड्याला जायचं का. शनिवारी भुसावळ पॅसेंजरने निघू.
"तू परत येजो," बापू म्हणाले. "मी नई येसू."