मी न पाहिलेलं तळं

ताई, आधी तुला वाकून नमस्कार, मग बाकीचं.

माझी तब्येत ठणठणीत आहे. दवाखान्यात एक्स-रेचं काम भरपूर असतं, पण जेवण वेळेवर होतं. तुझा गुडघा काय म्हणतोय? जिने चढू नकोस.

फोनवर जुन्या मालिकांच्या वेड्यांचा एक ग्रुप मिळालाय. लाईट गेली की उरलेला भाग तू मनानेच रचून सांगायचीस, आठवतं? तू मारून टाकलेला तो पोस्टमास्तर शेवटपर्यंत जिवंत होता म्हणे! खूप हसलो. खोलीत एकटाच होतो, तरी हसलो.

त्या ग्रुपमधले एक निवृत्त मास्तर बायकोला घेऊन इथे फिरायला आले. "काय काय पाहावं?" असं त्यांनी विचारलं. मी तळं, जुना पूल, टेकडीवरची बाग असं ऐटीत लिहून दिलं. खरं सांगू? तीन वर्षांत मी यातलं काहीच पाहिलेलं नाही. सगळं बसच्या पाट्यांवर वाचलेलं.

मग त्यांचा फोन आला, "तळ्यावर या ना, एकत्र चहा घेऊ."

"ड्युटी आहे हो," मी म्हणालो. सुट्टी होती, ताई. समोरासमोर बसून काय बोलायचं तेच सुचेना. सवयच मोडलीये गं.

रविवारी मात्र उठलो आणि तळ्यावर गेलो. ते दोघं केव्हाच परतले होते. तळं खरंच सुंदर आहे.

पत्रासोबत माझा फोटो ठेवलाय. तिथल्या पहारेकऱ्याने काढला. आईने विचारलं तर सांग, मित्राने काढलाय.

तुझाच,
धाकटा