आईच्या दगडावरचा शब्द

ऑसलबेक, ३ मार्च १८८७

चि. एनॉकास ताईचे अनेक आशीर्वाद.

रागात लिहिते आहे, अक्षर सांभाळून घे. आईच्या थडग्याचा दगड तयार आहे, पण पाद्रीबाबांनी मजकूर अडवला. 'डॉर्कस पिकरिंग, ऑसलबेकची लेडी' एवढंच कोरायचं होतं. आपल्या पावाच्या भट्टीवर रविवारचं मांस भाजायला आणणारा प्रत्येक जण तिला लेडीच म्हणायचा, आधी चेष्टेनं, मग सवयीनं. पाद्रीबाबा म्हणतात, गावात लेडी एकच, वाड्यावरची लेडी ऑल्डरशॉ. पाववालीनं तो शब्द घेतला तर त्यांचा अपमान होईल.

तू तिकडे शब्दकोशाच्या कचेरीत शब्दांच्या चिठ्ठ्या लावतोस ना? मग हा शब्द कुणाच्या बापाचा आहे ते शोधून काढ. दुसरं काही मी कोरू देणार नाही. जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी ताई,
केझाया

११ मार्च १८८७

ती. ताईस एनॉकचा सा. न. वि. वि.

कपाटातल्या सगळ्या चिठ्ठ्या उपसल्या. ताई, हजार वर्षांपूर्वी हा शब्द दोन तुकड्यांचा होता. पहिल्याचा अर्थ पाव, दुसऱ्याचा मळणारी. पावाचं पीठ मळते ती लेडी! लॉर्ड म्हणजे पावाची राखण करणारा. म्हणजे तेव्हाही पुरुष नुसते बसूनच होते.

आमच्या गावात हा अर्थ अजून जिवंत आहे, तो कोशात घालू या, असं मी संपादकांना म्हटलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. तोंडी बोलणं इथे चालत नाही, तारखेसह लेखी पुरावा लागतो, म्हणाले. मी चिठ्ठ्या परत कपाटात लावल्या. शाळेत असताना आईच्या पिठाळ हातांची मला लाज वाटायची, ती आठवली आणि फार वाईट वाटलं.

तू माघार घेऊ नकोस. लोभ आहे, तो असाच राहू दे.

तुझा,
एनॉक

२ एप्रिल १८८७

चि. एनॉकास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पाद्रीबाबांना वाचून दाखवलं. हजार वर्षांपूर्वीचं आज कोण वाचतो, म्हणाले. हवं तर लेडी ऑल्डरशॉंची लेखी संमती आण. मी जाणार नाही अशी त्यांची खात्री होती. मी तशीच पिठाच्या एप्रनवर निघाले आणि वाड्याच्या पुढच्या दारानं आत गेले.

वाड्यावरच्या म्हातारीनं तुझं पत्र दोनदा वाचलं. आईनं किती वर्षं पीठ मळलं, एवढंच विचारलं. एक्केचाळीस, मी म्हटलं. तिनं लेखणी मागवली आणि लिहून दिलं की हा शब्द आपल्याला लग्नात आयता मिळाला, पीठ आजवर एकदाही मळलं नाही, तेव्हा डॉर्कसचा हक्क आपल्याआधीचा.

काल दगड उभा राहिला. मी भट्टी बंद ठेवली नाही; आईला ते आवडलं नसतं. आता सुट्टी काढून ये आणि माझ्या हातचा पाव खा.

तुझी ताई,
केझाया

ता. क. दगडावर मजकुराखाली तारीखही कोरून घेतली आहे. त्यावरून तुझी चिठ्ठी लिही, आणि संपादकांना म्हणावं, आता पुसून दाखवा.