भावोजींचा जबडा बंद होता तेव्हा

मधलीवाडी,
६ फेब्रुवारी २०२६

राजेंद्र भावोजींस,
सीताचा सा. न. वि. वि.

धोंडू भाजीचा टेम्पो घेऊन रोज रत्नागिरीला येतोच, त्याच्याबरोबर पेजेचा डबा पाठवते आहे. त्याच पिशवीत हे पत्र. तुम्हाला बोलता येत नाही आणि माझ्या फोनवर बोलण्याशिवाय दुसरं काही होत नाही, तेव्हा कागदच बरा. या घरात आले तेव्हापासून तुम्ही बोलता आणि मी ऐकते. आता थोडे दिवस मी लिहीन, तुम्ही वाचा. डॉक्टरांनी तुमच्या दातांना तारा आवळल्या आहेत तोवर मला उलट उत्तराची भीती नाही.

तुळसाने फोनवर सगळं सांगितलं. जबडा दोन ठिकाणी मोडला, मांडीच्या हाडात सळी घातली, बरगड्याही गेल्या. रक्त फार गेलं असं डॉक्टर म्हणाले म्हणे. ते मला डॉक्टरांनी सांगायला नको, ते माझ्याच स्वयंपाकघरात गेलं. दोनदा सारवलं तरी मला तिथे पाय ठेववत नव्हता. तुम्ही शुद्धीवर आलात असं कळलं तेव्हा कुठे चूल पेटवली.

आता शुद्धीवर आहात म्हणून विचारते, माझ्या घरावर चढायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं? शिमगा झाला की वहिनी विरारला सागरकडे जाणार, घराला कुलूप लागणार, मग पावसात कौलं कोण बघणार, म्हणून आत्ताच वर निळं प्लास्टिक घालून टाकायचं, हे सगळं तुम्हीच ठरवलंत आणि तुम्हीच शिडी लावलीत. मी विहिरीवर गेले होते. परत येऊन बघते तर छपराला भोक आणि चुलीपुढे तुम्ही. घर बंद करायला वर चढलात आणि घराने तुम्हाला आत ओढून घेतलं. हनुवटी पाट्यावर आपटली. पाट्याला काही झालेलं नाही, काळजी नसावी.

कौलं बसवून घेतली. ह्यांनी गोठ्यामागे जुनी कौलं रचून ठेवली होती, जी तुम्ही दरवर्षी फेकून द्यायला सांगत होतात, त्यातलीच. निळं प्लास्टिक धोंडूला दिलं. त्याच्या टेम्पोवर अगदी मापात बसलं.

तुळसा हेदवीच्या गणपतीला नवस बोलली आहे. तुम्ही लवकर बोलावं म्हणून बोलली की बोलू नये म्हणून, ते तिने सांगितलं नाही. एकदा विचारून घ्या.

पेज गाळून दिली आहे, नळीने हळूहळू ओढा. लोभ आहेच. आवाज नसताना तो जास्त वाढतो असं दिसतं.

आपली,
सीता


रत्नागिरी,
९ फेब्रुवारी २०२६

ती. गं. भा. सीतावहिनीस,
राजेंद्रचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. तुम्हाला एवढं लिहिता येतं हे मला माहीत नव्हतं. पेज पातळ होती आणि मीठ कमी होतं. पाटा चुलीपुढे उघडा कशाला ठेवायचा, हे मी आधीही सांगितलं होतं.

इथे माझे हाल आहेत. नर्सबाई येतात, काही विचारतात, मी पाटीवर उत्तर लिहीपर्यंत निघून जातात. तुळसा शेजारी बसून मोबाईलवर मालिका बघते. मी हातवारे केले की ती हो हो म्हणते आणि पुढचा भाग लावते. शेजारच्या खाटेवर जयगडचा एक खलाशी आहे, त्याचा पाय गेलाय पण तोंड चालू आहे. दिवसभर मासळी कशी कमी झाली ते चुकीचं सांगतो आणि मला ते दुरुस्त करता येत नाही.

कामाचं लिहितो. सात मार्चला पालखी आपल्या वाडीत. गेल्या शिमग्यात दादाचं दुःख ताजं होतं म्हणून पालखी आपल्या दारावरून तशीच पुढे गेली. यंदा वर्ष सरलं, आपल्या दारापुढच्या खळ्यात येणार. दादा असता तर घरातर्फे गुरवाला त्यानेच सांगितलं असतं. आता मी सांगायचं. विनीत गुरवाशी माझं आधीच बोलणं झालं आहे. वहिनी मुलाकडे मुंबईला जाते आहे, घर मिटतं आहे, देवा तिला तिकडे सांभाळ, असं तो गाऱ्हाणं घालणार. एकदा वाडीने होय महाराजा म्हटलं की ते ठरलं, मग देवासमोरचा शब्द कोणी फिरवत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणजे तुमच्याही मनाची चलबिचल थांबेल. डॉक्टर तोवर मला सोडतील.

आता एक अडचण. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि डॉक्टर म्हणतात तीन महिने जिना बंद. तेव्हा मी तुमच्या पडवीत राहीन. तुमचं विरारला जाणं तेवढं मिरगाच्या पावसापर्यंत पुढे ढकलू. कुलूप नंतर लावता येईल.

शेवटचं म्हणजे तुम्ही एकदाही बघायला आला नाहीत. वाडीतले सगळे येऊन गेले. लोक विचारतात.

मोठ्यांना नमस्कार लिहायचा तर आता घरात मोठ्या तुम्हीच. कृपा असू द्यावी.

आपला,
राजेंद्र


मधलीवाडी,
१४ फेब्रुवारी २०२६

राजेंद्र भावोजींस,
सीताचा सा. न. वि. वि.

आधी एक सांगते. माझ्या नावाआधी तुम्ही गं. भा. लिहिलंत. रीत आहे, तुमची चूक नाही. पण ती अक्षरं माझ्या नावाला लागलेली मी पहिल्यांदाच पाहिली. पत्र बाजूला ठेवून गोठ्यात गेले, थोड्या वेळाने येऊन बाकीचं वाचलं. पुढे नुसतं वहिनीस असं लिहिलंत तरी पत्र मलाच मिळेल. धोंडू दुसऱ्या कुणाला देणार नाही.

बघायला आले नाही, कारण हॉस्पिटल तेच आहे. ह्यांना त्याच जिन्याने वर नेलं होतं. लोकांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, तुम्हाला ते चांगलं जमतं.

आता तुमची अडचण. मी जायचं हे तुम्ही ठरवलंत, थांबायचं तेही तुम्हीच ठरवलंत. कुलूप लावायचं, काढायचं, परत लावायचं. घराला कुलूप लावताय की मला, ते एकदा पाटीवर लिहून तुळसाला दाखवा. पडवी तुमची आहे, भावोजी. हे असते तर तुम्हाला विचारावंही लागलं नसतं. पण त्यात मला विरारला पाठवण्याची तारीख कशाला घालता?

आणि आता ऐका. तुम्हाला भेटून सागर रविवारी इकडे आला होता. जेवताना मीच विषय काढला. म्हटलं, तुझा इतका हट्ट आहे तर येईन, पण तुमच्या त्या एका खोलीत मी झोपायचं कुठे? त्याने हातातला घास ताटात ठेवला. म्हणाला, आई, हट्ट तुझाच आहे ना, काकांनी सांगितलं की तुला इथे एकटीला राहवत नाही, रोज रडतेस, म्हणून आम्ही तयार झालो. तिकडे सूनबाई मनाली बिचारी स्वयंपाकघरात माझ्यासाठी पलंग कसा बसेल ते मोजत होती.

म्हणजे मला सांगितलंत की सागर ऐकत नाही, आणि सागरला सांगितलंत की मी ऐकत नाही. आम्ही दोघंही तुमच्या शब्दावर वर्षभर एकमेकांचं मन राखत बसलो. तुमचा जबडा बंद झाला म्हणून मायलेकरांचं बोलणं झालं. डॉक्टरांचे माझ्यातर्फे आभार माना.

सागर उठून पडवीत गेला आणि बराच वेळ हसत होता. मग डोळे पुसत होता. मला राग आला होता, पण त्याच्याकडे बघून मीही हसले. ह्या घरात असं हसणं वर्षभरात पहिलंच.

तेव्हा विनीत गुरवाला काय सांगायचं, याचा आता मी विचार करते आहे. तुम्ही फक्त हाड जुळवा.

आज कुळथाची पिठी पाठवली आहे. मीठ तुमच्या मनासारखं. राग आहे पण लोभ त्याच्याहून जुना आहे.

आपली,
सीता


रत्नागिरी,
२० फेब्रुवारी २०२६

ती. वहिनीस,
राजेंद्रचा शि. सा. न. वि. वि.

मांडीच्या जखमेत पू झाला. काल परत आत नेऊन धुतलं. ताप आहे, अक्षर वाईट येतंय, समजून घ्या. पालखीपर्यंत सोडणार नाहीत असं दिसतं.

सागरला तसं सांगितलं हे खरं. तुम्हाला असं सांगितलं हेही खरं. पंचायत समितीत इतकी वर्षं दोन पक्षांना असंच सांगून काम पुढे नेलं, सवय लागली.

पण खोटं सगळंच नव्हतं. वहिनी, मी दर शनिवारी तिकडे येत होतो. फाटक उघडलं की पडवीत दादाची खुर्ची दिसायची. तुम्ही तिच्याशेजारी खाली बसून भाजी निवडत असायचात, गप्प. मला वाटायचं, एकदा हे दार बंद झालं की मला ते बघावं लागणार नाही. मी तुमचा विचार करतोय असंच मी मलाही सांगत होतो. रात्री ताप चढला की ती खुर्चीच दिसते.

तरीही माझं म्हणणं कायम आहे. तिथे एकटं राहणं बरोबर नाही. रात्रीबेरात्री काही झालं तर कोण आहे? मी विनीतसाठी चिठ्ठी लिहून धोंडूकडे दिली आहे. मी येऊ शकत नसलो तरी त्याने गाऱ्हाणं ठरल्याप्रमाणे घालावं. तुम्ही मध्ये पडू नये ही विनंती.

पिठी चांगली होती.

आपला,
राजेंद्र


मधलीवाडी,
८ मार्च २०२६

राजेंद्र भावोजींस,
सीताचा सा. न. वि. वि.

मधे पत्र लिहिलं नाही. तुमचा ताप उतरत नव्हता तेव्हा मी आले होते. तुळसाने सांगितलं नसेल, मीच नको म्हटलं होतं. जिन्याच्या मधल्या वळणापर्यंत चढले. तिथे तोच औषधाचा वास आला. डबा तुळसाच्या हातात दिला आणि खाली येऊन रस्त्यावर उभी राहिले. तुमचा ताप उतरल्याचं तिने खिडकीतून खुणेने सांगितलं, मग धोंडूच्या टेम्पोत बसले. एवढंच जमलं.

काल पालखी झाली. तुम्हाला सगळं कळायला हवं, नाहीतर लोक वेगळं सांगतील.

तुमची चिठ्ठी मी अडवली नाही. धोंडूने ती विनीतच्या हातात दिली आणि विनीतने ती घडीसकट परत केली. म्हणाला, देवासमोर कागद चालत नाही, घरातलं माणूस उभं हवं. नोकरीतला शिरस्ता इथे चालला नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

पालखी खळ्यात आली. पोरांनी नाचवून नाचवून धूळ उडवली. मी ओटी भरली. मग पालखी टेकवली आणि विनीतने विचारलं, घरातर्फे कोण? सगळ्यांनी सागरकडे पाहिलं. तो शिमग्याला रजा घेऊन आला होता. त्याने एक पाऊल मागे घेतलं आणि म्हणाला, घर आईचं आहे, आईच सांगेल. धोंडूचा बाप पुटपुटला की बाईमाणसाने सांगितल्याचं ऐकण्यात नाही. त्यावर विनीत म्हणाला, तिने सांगू नये असंही कुठे ऐकण्यात नाही. पोरगा हुशार आहे.

मी मोठ्याने काही बोलले नाही, तुम्हाला माझा आवाज माहीतच आहे. त्याच्याजवळ जाऊन सांगितलं, तो आपल्या घशाने बोलला. तो काय म्हणाला ते लिहिते.

बा देवा महाराजा, ह्या घरातला मोठा माणूस गेला, त्याला वर्ष सरलं. मागे राहिली ती ह्याच घरात राहते आहे आणि तिला इथेच राहायचं आहे. तिचं दार उघडं ठेव. वाडी म्हणाली, होय महाराजा.

तिचा मुलगा-सून विरारला आहेत, त्यांना तिकडे सुखी ठेव आणि सणाला इकडे आण. होय महाराजा.

धाकटा दीर हॉस्पिटलात पडून आहे. त्याचं हाड जुळव, त्याला त्याच्या पायांनी ह्या पडवीत आण. होय महाराजा.

आणि तोंड उघडलं की घरातल्या माणसांना आधी विचारून मग बोलायची बुद्धी त्याला दे.

भावोजी, ह्या शेवटच्या होय महाराजाला वाडी जेवढी ओरडली तेवढी पहिल्या तिन्हींना मिळूनही ओरडली नव्हती. खालच्या वाडीतली माणसं धावत वर आली, काय झालं म्हणून.

झालं ते असं. आता देवासमोरचा शब्द आहे, तो कोणी फिरवत नाही. हे तुम्हीच मला लिहून कळवलं होतंत.

पडवीत खाट टाकली आहे. ह्यांची खुर्ची आहे तिथेच आहे आणि राहील. तुम्हाला ती बघवत नाही ते पत्रात वाचलं. मलाही सुरुवातीला बघवत नव्हती, म्हणूनच तिच्याशेजारी बसत होते. बसून बसून सवय होते. तुम्हीही बसा. तुमच्या औषधांच्या बाटल्या ठेवायला जागा लागेलच, खुर्चीवर ठेवू. ह्यांनी नको म्हटलं नसतं.

रात्रीबेरात्री कोण आहे असं विचारलं होतंत. आता तुम्ही असाल. हाक मारता येण्याइतपत बरे होऊन या. लोभ ठेवायला जागा भरपूर आहे.

आपली,
सीता


रत्नागिरी,
१२ मार्च २०२६

ती. जाऊबाईंस,
तुळसाचा शि. सा. न. वि. वि.

काल यांच्या तारा काढल्या. तुमचं पत्र आलं तेव्हापासून ते उशीखालीच होतं. खलाशीबुवांनाही वाचून दाखवायला लावलं, तेही मला, कारण यांना बोलता येत नव्हतं. शेवटच्या गाऱ्हाण्याला खलाशीबुवा खाटेवरून पडायचेच राहिले. हे भिंतीकडे तोंड करून झोपले, दोन दिवस पाटीला हात लावला नाही. मी घाबरले होते.

डॉक्टर म्हणाले, हळू तोंड उघडा आणि काहीतरी बोला. मी, नर्सबाई, सगळे यांच्या तोंडाकडे बघत होतो. मला वाटलं, आता पेजेतलं मीठ निघणार. हे वर बघत राहिले. मग ओठ नीट मिटत नव्हते तरी दोनच शब्द बोलले, होय महाराजा. पलीकडून खलाशीबुवांनी सवयीने हात जोडले.

त्यानंतर संध्याकाळपर्यंत थांबले नाहीत. मासळीचं सगळं दुरुस्त करून झालं. हेदवीचा नवस यांनी लवकर बोलावं म्हणूनच होता, जाऊबाई. आता काय करायचं ते तुम्हीच सांगा.

शनिवारी सोडणार आहेत. निघायचं कसं, पडवीत खाट कुठल्या अंगाला टाकायची, फाटकापासून कोणी धरायचं, हे सगळं मला लिहून घ्यायला सांगत होते. मी कागद-पेन घेऊन बसले. अर्धं वाक्य सांगून मधेच गप्प झाले. मी म्हटलं, पुढे काय लिहू? तर म्हणाले, काही नको लिहू. वहिनीला विचार.

म्हणून विचारते. कधी येऊ?

तुमची,
तुळसा