लाल पेनाची तीन पाकिटं

शनिवार, १४ नोव्हेंबर, दुपार

चिरंजीव धाकट्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत म्हणून लिहिते. ठीक काही नाही. अण्णांचा गुडघा कुरकुरतोय, माझी मान धरलीय, आणि तुझ्यावर इतकी चिडलेय की दोन कागद फाडून हा तिसरा घेतलाय.

आधी भांडण उरकते. अण्णांच्या इंग्रजी-मराठी शब्दकोशातल्या 'फोर्टनाइट'च्या कार्डावर तू लाल पेनानं लिहिलंयस, 'इकडे हा शब्द कुणी वापरत नाही, काढून टाका.' का रे बाबा? आपल्याकडे पंधरवडा आहे ना? मग त्याला इंग्रजीत शब्द आहे हे पोरांना कळायला नको? 'टॉर्च'वर काट, म्हणे 'फ्लॅशलाइट'. 'टॅप'वर काट, म्हणे 'फॉसेट'. 'लिफ्ट', 'क्यू', 'पेव्हमेंट', एकालाही सोडलं नाहीस. अण्णांनी तुला कार्डांच्या झेरॉक्स पाठवल्या त्या ब्रिटिश शब्दाशेजारी अमेरिकन शब्द लिहायला. अर्धा शब्दकोश खोडायला नव्हे! वर कोपऱ्यात शेरा, 'असलं जुनाट इंग्रजी आता कोण शिकतं?' आम्ही शिकलो. तूही अण्णांच्या याच इंग्रजीच्या जोरावर विमानात बसलास.

झालं भांडण. आता खरं सांगते. हे सगळं अण्णांनी या बुधवारपर्यंत पाहिलंच नव्हतं.

तुझं पहिलं पाकीट मार्चमध्ये आलं. मी उघडलं, वाचलं आणि शिलाई मशीनच्या खणात ठेवलं. म्हाताऱ्या माणसाचं मन दुखेल, अशी स्वतःची समजूत घातली. मग दुसरं आलं, तिसरं आलं. अण्णांना फोनवर ऐकू येत नाही, त्यामुळे तुझ्याशी मीच बोलायची. तुला सांगायची, "मिळालं हं, अण्णा बघताहेत." अण्णा विचारायचे, "धाकट्याचं काही आलं का गं?" त्यांना सांगायची, "नाही अजून." आठ महिने दोघांनाही बनवलं मी. इतकं सराईतपणे, की माझी मलाच लाज वाटते.

बुधवारी छापखानेवाले काका प्रस्तावनेचं शेवटचं प्रूफ घेऊन आले. त्यात ओळ होती, 'अमेरिकन शब्द माझ्या चिरंजिवांनी तपासले, त्यांचे आभार.' अण्णांनी ती खोडली. म्हणाले, "बापाचं एक कार्ड बघायला ज्याला सवड झाली नाही, त्याचे आभार कसले?" मग चष्मा काढून पुसत बसले. पुसतात आपले, पुसतात. काका बिचारे चहाही न घेता निघून गेले.

मला ते बघवेना. उठले आणि तिन्ही पाकिटं त्यांच्या पुढ्यात ठेवली.

दोन दिवस भिंग घेऊन वाचत होते. 'फोर्टनाइट'वर "गाढव आहे!" म्हणाले आणि खो खो हसले. "दोन्ही शब्द ठेवू, पुढे खूण करू, ब्रिटिश कुठला आणि अमेरिकन कुठला." खोडलेली ओळ पुन्हा लिहिली, आधीपेक्षा लांब. 'परदेशी नोकरी सांभाळून त्यांनी एकेक शब्द तपासला, हे माझं भाग्य.' काल ती ओळ मीच छापखान्यात नेऊन दिली.

पाकिटं पाहिल्यावर मला त्यांनी एकच विचारलं, "का केलंस गं असं?" मी म्हटलं, "विसरले." इतके अर्थ लिहून लिहून बोटं झिजवली, आणि ऐन वेळी हे एवढंच सुचलं.

मन दुखेल वगैरे सगळं खोटं रे. मार्चमध्ये अण्णांनी प्रस्तावना मलाच सांगितली, मी लिहून घेतली. आभारात छापखानेवाले काका आले, शाळेतले ग्रंथपाल आले, भिंग देणारे डॉक्टर आले. तू आलास; तुझं पाकीट यायच्या आधीच तुझे आभार मानून झाले होते! मग ते जरा थांबले. मी पेन सरसावून बसले. वाटलं, आता माझं. अण्णा म्हणाले, "दे पूर्णविराम."

मी दिला. पुढच्याच आठवड्यात तुझं पाकीट आलं, आणि तू लाल पेन फिरवलंस ते माझ्या अक्षरावर. अकरा वर्षं मी नोकरीवरून आले की त्यांच्यासमोर कार्डं घेऊन बसतेय. नऊ हजार कार्डं, धाकट्या. त्यांनी सांगायचं आणि मी लिहायचं. तू शब्द बदललास हे त्यांना भाग्य वाटतं, आणि माझं अक्षर त्यांना दिसतसुद्धा नाही. म्हणून लपवली. तुझी काही चूक नव्हती, तरी लपवली.

पुस्तक सोमवारी छपाईला जाईल. पूर्णविराम आहे तिथंच आहे. मी सांगायला जाते आणि चहाचं विचारून परत येते, आणि मागून घेतलेले आभार मला नकोतही.

तू अण्णांना पत्र लिही. माझ्यावर राग काढायचा तर काढ, मी सोसेन. पण त्यात एकदा त्यांना विचार, की तुम्ही पाठवलेली कार्डं लिहिली कुणी.

तुझी,
आणि अजून त्यांच्यासमोरच बसणारी,
ताई