जानीची पिलं

७ नोव्हेंबर २०१७
परत जानीचंच कौतुक! जेवताना सासू म्हणाली, "थोरलीचा हात लागला की जनावर कसं भरतं." आणि माझा हात? विषारी हाय का? पेणवरून एकाच डुकरिणीची पिलं आणली — निम्मी जावेला, जानीला, निम्मी मला. दोन्ही वाड्यांत भिंत एक, खाणं एक. तिची गुबगुबीत. माझी आपली बरी. बरी!

११ नोव्हेंबर
कासूहून नर आणला. मारुती नको नको म्हणत होता. नवऱ्याचं ऐकत बसले तर झालंच! एवढा दांडगा नर आमच्या निडी गावात कुणाकडे नाही. जानीकडे तर नाहीच. ती भिंतीवरून बघून हसली. "झ्याक हाय गो मालू!" आतून जळली असणार. जळू दे.

२० नोव्हेंबर
नर खोकतोय.

२ डिसेंबर
माझी पिलं वाळत चाललीत. खातात, तरी पाठीचा कणा दिसतो. दोन मेली. लस तर दोघींच्या पिलांना एकाच दिवशी टोचली होती! भिंतीपलीकडे तिची खुशाल हुंदडतात. ऐकवत नाही.

९ डिसेंबर
रोह्याचे डॉक्टर आले. मेलेलं पिलू फाडून दाखवलं — जांघेतली गाठ लिंबाएवढी. म्हणाले, "रोगाशी लढायची ताकद या गाठींत असते. ती आतून पोखरलीय. मग लस काय करणार?" तुकडे तपासायला नेले.

२३ डिसेंबर
एक नाही, दोन विषाणू! पहिला पेणहून पिलांबरोबरच आलेला. तो जानीच्या पिलांतही आहे, पण एकटा असला की बहुतेक गप्प राहतो. दुसरा माझ्या नराने आणला. दोघं मिळाले आणि गाठींची वाट लावली.

म्हणजे हातगुण वगैरे काही नाही. नशीब तिचं!

डॉक्टर निघताना म्हणाले, "जाऊबाईंना सांगून ठेवा. तिकडचं पिलू या वाड्यात येता कामा नये. वाडा रिकामा झाला तरी, मी सांगेपर्यंत नाही."

सांगायचं म्हणजे माझ्याच नराने घात केला हेही सांगायचं. सासूसमोर! ती काय म्हणेल ते आत्ताच ऐकू येतंय. बघू उद्या.

२८ डिसेंबर
शेवटचं पिलू गेलं. नरही. मारुतीने चुना टाकून पुरलं. जानी पदर तोंडाला लावून रडली. तिला काय जातंय रडायला? तिचा वाडा भरलाय! डॉक्टरांचा निरोप आजही दिला नाही तिला.

३० डिसेंबर
रोह्याहून दुपारी परत आले, तर माझ्या वाड्यात चार पिलं. जानीची. त्यातली सगळ्यांत जाड. माझ्याच डोणीत तोंड घालून खात होती.

जानी दारात उभी. "रिकामा वाडा बघवंना गो. तुलाच ऱ्हाऊ दे."