कागदावरचं ‘पहिल्यांदाच’

१४ एप्रिल, दुपार

ताई,

तुझ्या आगाऊ भावाचा नमस्कार. तुला फोनवर बोलता येत नाही आणि मी समोर आलो तर तुला हसवीन, म्हणून पत्र. माझं अक्षर बघूनही हसू नकोस, डॉक्टरांनी मनाई केलीय.

घरी ठीक आहे. आई रोज विचारते, तोंड किती उघडतंय? मी सांगतो, दोन बोटं. तुझी रूममेट म्हणते, एकच. बाबा म्हणाले, घरात शांतता आहे एकदाची. मग आपणच उठून बाहेर गेले.

तुझा टेबलफॅन द्यायला आलो, तेव्हा कॉलेजच्या वाचनालयात तुमची अख्खी रांग दात आवळून बसलेली. परीक्षेची धास्ती. एकाचा हात गालावर, पलीकडच्या मुलीचा जबडा कटकट वाजतोय. मी नुसती खोटी जांभई दिली, तर ओळीने सात जण. आठवी तू. तुझं तोंड मिटेचना. मला वाटलं, माझ्यावर कडी करतेयस. मी टाळ्या वाजवल्या.

हे तुला माहीतच आहे. उगाच लांबण लावतोय.

दवाखान्यात डॉक्टरांनी मला विचारलं, याआधी कधी जबडा अडकला होता का? तू माझ्याकडे बघत होतीस. मी म्हणालो, नाही, पहिल्यांदाच. हिवाळ्यात घरी अडकला तेव्हाही तुला हसवायला वेडीवाकडी तोंडं मीच करत होतो ना. तू गरम टॉवेलने शेकलंस आणि आईला सांगायचं नाही म्हणालीस. खरं बोललो असतो तर डॉक्टरांनी विचारलं असतं, माहीत असून चाळे केलेस? त्यांनी कागदावर ‘पहिल्यांदाच’ लिहिलं.

काल तुमच्या विभागप्रमुख बाईंकडे गेलो होतो. जुनं दुखणं असेल तर तोंडी परीक्षेऐवजी लेखी घेतात, यंदा तिघांची तशीच आहे. तुझ्या कागदावर मात्र पहिल्यांदाच, म्हणजे गुरुवारी तोंडीला या, नाहीतर पुढच्या वर्षी. मी तसाच डॉक्टरांकडे पळालो. सगळं सांगितलं, हिवाळ्याचंही. त्यांनी तेव्हाचा कागद मागितला. कागद कुठला, आपण तर लपवलं होतं.

ते म्हणाले, “तेव्हा नाही म्हणालास, परीक्षा आली तसा हो म्हणतोयस. मी काय लिहू?”

मी हात जोडले. मी, ताई.

रूममेट म्हणते तू गुरुवारी जाणारच, आरशासमोर बसून बोलून बघतेस आणि रडतेस. जाऊ नको म्हणावं तर तुझं वर्ष जातंय. जा तरी कुठल्या तोंडाने म्हणू? आईला आज खरं सांगणार आहे. त्याने तुझा जबडा उघडणार नाही, ठाऊक आहे.

तू बघत होतीस तरी नाही म्हणालेला,
तुझा भाऊ