ओवाळणीची पावडर

प्रिय निमिष,

तू ईडन प्रेरीला निघालास, हे मला इलाकडून कळलं. सख्ख्या बहिणीला कळवायलासुद्धा तुला तुझी बायको लागते. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी सामानाचा ट्रक येणार आहे म्हणाली. इथे टेक्सासात, प्लेनोत माझ्यापासून वीस मिनिटांवर राहून दोन भाऊबिजा तू माझ्या दारात आला नाहीस आणि मीही बोलावलं नाही. मग मिनेसोटात जाऊन आणखी कुठे लांब जाणार आहेस? जा. तिकडच्या थंडीत नाक गळून पडतं म्हणतात. कानटोपी ने, लहानपणी तुझेच कान दुखायचे.

हे पत्र लिहायला मला तीन दिवस लागलेत. उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत, म्हणून पेन अंगठ्याच्या बेचक्यात अडकवून लिहिते. टाइप करता आलं असतं, पण हे वेडंवाकडं अक्षर तू डोळ्यांनी बघावंस असं मला वाटलं. हो, मुद्दामच.

पिस्तूल कसं धरायचं हे तुला मी शिकवलं. रंगाच्या कंपनीत लॅबमध्ये वजनं करणारी बाई शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर जाते, गॅरेजमध्ये बसून आपली काडतुसं आपण भरते, याचं मंडळातल्या बायकांना केवढं हसू यायचं! गणपतीत मोदकांचं सारण भरायला मात्र माझाच हात लागायचा, कारण माझं माप कधी चुकत नाही. आता मी मोदकांच्या ताटापाशी नुसती उभी असते आणि सगळ्या फार प्रेमानं वागतात. ते प्रेम मला सहन होत नाही.

वापरलेल्या पुंगळ्या धुवायच्या, त्यात दारूची पावडर मापून घालायची, वर गोळी बसवायची. काम एवढंच, पण सगळी अक्कल पावडर निवडण्यात आहे, आणि तिथे तुझी अक्कल यूट्यूबवाल्यांकडे गहाण. हिचा धूर कमी, ती मापातून पाण्यासारखी पडते. ‘ताई, तुझी ती पोह्यांसारखी पावडर आउटडेटेड आहे यार, अडकते!’ म्हणायचास. हो, पोह्यांसारखीच होती. फुगीर. एका मापात पुंगळी अर्ध्याच्या वर भरायची आणि चुकून दुसरं माप पडलंच तर सांडून टेबलभर व्हायची. आंधळ्यालाही दिसेल. मी तुला शंभरदा सांगितलं होतं की पिस्तुलाकडे बघून पावडर निवडणारे निवडोत, मी माझ्याकडे बघून निवडते. मी विसरभोळी आहे. माझा फोन वाजतो, माझं दूध गॅसवर असतं. माणूस चुकणारच, पावडर अशी हवी की चूक तिथल्या तिथे दिसावी.

आणि तू त्या भाऊबिजेला काय आणलंस? मी ओवाळलं, आणि तू गिफ्ट पेपरात गुंडाळलेला डबा तबकात ठेवलास. नवी पावडर, रव्यासारखी बारीक. पुंगळीच्या तळाशी चिमूटभर दिसणारी. दोनदा घातली तरी पुंगळी अर्धीच भरणारी. दुकानातून आणली असतीस तर मी त्याच पावली परत पाठवली असती. पण ओवाळणी परत करतात का? आपल्या घरात कुणी केली आहे? पाच वर्षांचा असताना तू मला चघळलेलं चॉकलेट घातलं होतंस, ते मी तुझ्यासमोर खाल्लं होतं. मग ही पावडर कशी नाकारणार? तू म्हणालास, आजच ट्राय कर. मी पुस्तकात बघून नवं माप लावलं आणि गॅरेजमध्ये पन्नास पुंगळ्यांचा ट्रे मांडला.

तीन ओळी भरून झाल्या तेव्हा तेल तापल्याची आठवण झाली. भावाला भाऊबिजेला गार पुऱ्या वाढायच्या नसतात. जिथे थांबले तिथे तबकातली सुपारी ठेवली आणि आत गेले. तुला वाटलं, ताई दमली असेल. तू उरलेल्या दोन ओळी भरल्यास आणि सुपारी होती तिथेच ठेवलीस. जेवणं झाल्यावर मी परत येऊन सुपारीपासून पुढे सगळ्या भरल्या. चष्मा ओट्यावर राहिला होता. टॉर्च मारून आत डोकावायची मला सवयच नव्हती, पोह्यांनी ती कधी लागू दिली नाही. काही सांडलं नाही, म्हणजे सगळं बरोबर.

पुढच्या शनिवारी रेंजवर पहिल्या तीस गोळ्या नीट सुटल्या आणि एकतिसावीला पिस्तूल माझ्या हातात फुटलं. उरलेल्या एकोणीस गोळ्या तू आणि संजयभाऊजींनी उघडून बघितल्या. एकोणीसच्या एकोणीसांत पावडर दुप्पट निघाली.

तू सगळ्यांसमोर म्हणालास की चूक माझी, ताईला न सांगता मी भरल्या. मग मीही तेच म्हटलं. नागपूरला आईला फोन करून सांगितलं की तुझ्या लाडक्यानं न सांगता हात घातला. ती महिनाभर तुझ्याशी बोलली नाही. तुझी अनया आत्या, आत्या करत आली, तर मी दार अर्धवटच उघडलं. जवळजवळ तीन वर्षं मी जिथे जाईन तिथे हे सांगत आले, आणि तू मान खाली घालून ऐकत आलास. आता तर गावच सोडून चाललास. तुझा राग येतो मला. हे लिहितानाही येतोय.

कारण तू सांगितलं होतंस, निमिष. मी पुऱ्या तळत होते, तू दारात उभा राहून म्हणालास, ‘ताई, खालच्या दोन ओळी मी भरल्यात हं.’ मी ऐकलं. ‘बरं, बस पानावर,’ असं म्हटलंसुद्धा. आणि पुरी फुगते की नाही ते बघण्यात विसरून गेले. हॉस्पिटलमध्ये दुसऱ्या दिवशी मला सगळं आठवलं. तुला तर कधी विसरच पडला नव्हता. तरी तू तोंड उघडलं नाहीस, आणि तू उघडत नाहीस हे बघून मीही उघडलं नाही. एकदा तरी भांडायचंस माझ्याशी! काल मी आईला खरं सांगितलं. तिनं फोन ठेवून दिला. आता तुला सांगते आहे. मिनेसोटाला जायचं तर खुशाल जा, पण माझी चूक डोक्यावर घेऊन जाऊ नकोस. भाऊबिजेला ये. ओवाळणीत माझी जुनी पोह्यांसारखी पावडर आण, गिफ्ट पेपर नको. आणि हो, मला आता एका हातानं तबक पेलत नाही. एक कड तुला धरावी लागेल.

तुझीच, अजून रागावलेली,
सुलभाताई